तिकीट कार्ड सेफ ठेवायचंय? मग आधी सोल्डरिंगवाल्या पोराला पकडा

समजा उद्या तुमची वरपर्यंत ओळख निघाली आणि ठाण्यातल्या नाहीतर नवी मुंबईतल्या कुठल्यातरी वाहतुकीचं नवं टॅप कार्ड, म्हणजे मशीनला टेकवलं की भाडं कापणारं, बनवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. घाबरू नका, टेक्निकल काही यायला लागत नाही, लागत असतं तर तुम्हाला दिलंच नसतं. मी नौपाड्यात घरी बसून फावल्या वेळात असली सर्किटं खोलून बघणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे तुम्हाला ज्यांची भीती वाटायला पाहिजे त्यांच्यातलाच, त्यामुळे फुकटात चार गोष्टी सांगतो, जीएसटी पण नाही.

पहिलं म्हणजे कार्डातलं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची पद्धत, कंपनीने घरच्या घरी बनवलेलं असावं आणि ते आतून कसं चालतं हे कोणाला कळता कामा नये. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थांनी 1883 साली लिहून ठेवलंय की सिस्टिम शत्रूच्या हातात पडली तरी बिघडायला नको, गुप्त राहायला पाहिजे ती फक्त किल्ली, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा. पण त्यांचं कुठे मनावर घेता, तेव्हा ठाण्याला गाडी सुरू होऊन 30 वर्षं झाली होती खरी पण टॅप कार्ड होतं का? नव्हतं ना. मग त्यांना काय कळतंय.

मायफेअर क्लासिकवाल्यांनी नेमकं हेच केलं. 1994 साली आलेली ही चिप, 13.56 मेगाहर्ट्झवर चालणारी, आत क्रिप्टो-1 नावाचं गुप्त एन्क्रिप्शन, किल्ली 48 बिटांची. लंडनचं ऑयस्टर, नेदरलँड्सचं ओव्ही-चिपकार्ट, बॉस्टनचं चार्ली कार्ड, सगळीकडे हीच बसवली आणि सगळे सुखात होते. मग डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनला हॅकर लोकांच्या संमेलनात कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्ल्योट्झ हे दोन संशोधक स्टेजवर उभे राहिले आणि सांगितलं की आम्ही कार्डाचं प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलं, म्हणजे तेच जे नेलपेंट काढायला वापरतात, मग चिप एकेक थर घासत गेलो, प्रत्येक थराचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढले आणि त्यावरून सर्किट वाचलं. झालं, तेरा वर्षांचं गुपित संपलं. वर हे पण निघालं की चिप जो रँडम नंबर काढते तो फक्त 16 बिटांचा, म्हणजे 65,536 शक्यता, आणि तो ठरतो कार्डाला पॉवर मिळाल्यापासून किती वेळ गेला यावर. म्हणजे टायमिंग नीट साधलं की नंबर प्रत्येक वेळी तोच. रँडम म्हणे!

तर तुम्ही यातून काय शिकायचं? बाजारात अ‍ॅसिटोनवर बंदी घाला. दुसरं काही शिकू नका.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. कोरी कार्डं फॅक्टरीतून येतात तेव्हा त्यांची किल्ली म्हणजे ओळीने बारा वेळा एफ, जगातल्या प्रत्येक हौशी पोराला पाठ असलेली. ती बदलायचं काम फार कंटाळवाणं असतं, राहू दे तशीच. बदललीच तर सगळ्या कार्डांना एकच किल्ली ठेवा, वेंडरला पण सोपं, तुम्हाला पण सोपं, आणि एक कार्ड फुटलं की सगळीच फुटतात त्यामुळे चोराला पण सोपं, कोणाचीच गैरसोय नको.

तिसरं, बॅलन्स कुठे ठेवायचा. इथे मात्र थोडं सिरीयस बोलतो कारण हा भाग खरंच अवघड आहे आणि लोक उगाच हसतात. बसच्या दारात माणूस टॅप करतो तेव्हा अर्ध्या सेकंदात काम झालं नाही तर मागची अख्खी रांग शिव्या घालते, घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये उभ्या बसच्या मशीनला त्या क्षणी नेटवर्क असेलच असं नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारत बसता येत नाही आणि कार्डातच पैसे लिहून ठेवावे लागतात. यात चूक काही नाही. 2019 च्या मार्चमध्ये आलेल्या आपल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात पण ऑफलाइन चालणारं वॉलेट आहेच, फक्त ती बँकेच्या कार्डातली चिप आहे आणि तिचं एन्क्रिप्शन जगाने उघड तपासलेलं आहे. बाकी ठिकाणी उपाय एवढाच की रात्री सगळ्या मशीनचा डेटा गोळा करायचा आणि सर्व्हरवरच्या हिशोबाशी ताळा घालायचा, ज्या कार्डाने 100 रुपये भरून 700 चा प्रवास केला ते सकाळपर्यंत ब्लॉक. भुसार दुकानदार पण रोज रात्री गल्ला मोजतो. पण तुम्ही मोजू नका, कारण मोजलं की फरक निघतो, फरक निघाला की फाइल उघडते, आणि फाइल उघडली की सही कोणाची म्हणून तुम्हालाच शोधत येतात.

आता खरा शत्रू. हा सापडतो लॅमिंग्टन रोडवर, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. दीडशे-दोनशे रुपयांत आरसी-522 नावाचं निळं रीडर बोर्ड घेतो, सोबत एक पांढरं कार्ड आणि एक निळा किचेन फुकट मिळतो, घरी येऊन आर्डुइनो नावाच्या हौशी लोकांच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाला जोडतो आणि खिशात असेल नसेल ते प्रत्येक कार्ड त्यावर ठेवून बघतो. सोसायटीच्या गेटचं पण. असल्या गेटच्या कार्डांतली बरीचशी 125 किलोहर्ट्झची असतात, त्यात एन्क्रिप्शन नावालाही नसतं, नुसता एक नंबर जो कोणी विचारेल त्याला सांगून टाकतात, त्यासाठी वेगळं रीडर लागतं म्हणून पोरगं पुढच्या रविवारी परत लॅमिंग्टन रोडला. गंमत म्हणजे तेच कार्ड स्टेशनबाहेरचा चावीवाला उघड उघड बोर्ड लावून डुप्लिकेट करून देतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. पोराने कमिटीला सांगितलं की काका हे कार्ड कोणीही कॉपी करू शकतं, तर काका विचारतात तुला कसं माहीत. बरोबर आहे काकांचं. ज्याला माहीत तोच संशयित.

आणि तुम्ही पण काकांसारखंच समजा की हा पोरगा फुकट प्रवासासाठी हे करतोय. ठाणे ते मुलुंड लोकलचं तिकीट 5 रुपये, विनातिकीट सापडलात तर किमान 250 दंड, आणि ठाणे स्टेशनला तोडायला गेटच नाही, काळ्या कोटातला टीसी हेच गेट. पाच रुपये वाचवायला शेकडो रुपयांची यंत्रं घेऊन रात्रभर जागणारा चोर तुम्ही बघितलाय कधी? ज्यांना फुकट जायचं असतं ते यातलं काहीही करत नाहीत, ते टीसी दिसला की खिशातून मोबाइल काढून घाईघाईत तिकीट काढतात, म्हणून तर रेल्वेच्या तिकीट अ‍ॅपला स्टेशनात किंवा गाडीत बसून तिकीट काढू न द्यायचं बंधन घालावं लागलं, मग लोकांनी तिकीट काढायला स्टेशनवर लावलेल्या क्यूआरचे फोटोच मोबाइलमध्ये ठेवले. सोल्डरिंग आयर्न कोणी हातात घेतली नाही. पण असल्या चोराचा न्यूजमध्ये फोटो चांगला येत नाही, वायरी पाहिजेत.

तर समजा वायरीवाल्याला तुमच्या कार्डाच्या सिक्युरिटीत भोक सापडलं आणि त्याला सांगायचंय. त्याला पत्ताच मिळू देऊ नका. वेबसाइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची चार ओळींची फाइल ठेवायची पद्धत आहे, 2022 पासून तिचा रीतसर ठरलेला फॉरमॅट पण आहे, कोणाला कळवायचं एवढंच त्यात लिहायचं असतं. अजिबात ठेवू नका. एक ईमेल आयडी द्या ज्याचा इनबॉक्स फुल आहे, आणि एक टोल फ्री नंबर जिथे कार्ड हरवलं असेल तर एक दाबा, रिचार्ज झालं नसेल तर दोन दाबा, कार्डात भोक असेल तर काय दाबायचं ते नाही. तो सर्ट-इनकडे, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या ऑफिसकडे, गेलाच तर तुम्ही आयटी अ‍ॅक्ट काढा. कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरलं की भरपाई, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद. अप्रामाणिकपणे हा शब्द त्याला वाचून दाखवू नका, नुसते आकडे सांगा, घरचे हात जोडतील.

कोर्टात जायची हौस असेल तर आधीच्यांचं काय झालं तेवढं बघून जा. नेदरलँड्सच्या राडबाउड युनिव्हर्सिटीने मायफेअरवर पेपर लिहिला तर चिपवाली एनएक्सपी तो थांबवायला 2008 मध्ये कोर्टात गेली, कोर्ट म्हणालं नुकसान पेपरमुळे नाही होणार, दोष असलेली चिप बनवून विकल्यामुळे होणार. पेपर छापून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनची बस-मेट्रो चालवणाऱ्या एमबीटीएने एमआयटीच्या तीन पोरांचं चार्ली कार्डावरचं, लास वेगासच्या डेफकॉन नावाच्या हॅकर संमेलनातलं भाषण कोर्टाकडून थांबवलं. स्लाइड्सची सीडी तोवर तिथल्या लोकांना वाटून झाली होती, आणि पोरांनी एमबीटीएला विश्वासाने दिलेला गोपनीय रिपोर्ट वकिलांनी दाव्यालाच जोडला त्यामुळे तो पण पब्लिक झाला. दहा दिवसांत बंदी उठली. 2023 मध्ये त्याच बॉस्टन परिसरातल्या चार शाळकरी पोरांनी तेच चार्ली कार्ड परत फोडून डेफकॉनला दाखवलं, आणि या वेळी एमबीटीएने केस नाही केली, पोरांना ऑफिसात बोलावून प्रेझेंटेशन द्यायला लावलं. बघा, पंधरा वर्षांत माणसं किती बिघडतात.

तुम्ही असं काही करू नका. तुमच्याकडे एखादा आलाच तर त्याला गेटवरच थांबवा, व्हिजिटर रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण लिहायला लावा, मोबाइल आणि बॅग जमा करून घ्या, आणि आत यायला म्हणून ते कोणीही कॉपी करू शकेल असं 125 किलोहर्ट्झचं कार्ड त्याच्या हातात द्या.