कुठीबी चालते म्हणे!

दारव्ह्याला सासुरवाडीत गेलो की दर खेपेला हाच तमाशा. "जावईबापू, कुठी जेवाचं?" मी म्हणतो, पाटवडी रस्सा मिळेल तिथं. "थे तं घरीच होते नं बाप्पा!" अहो, मग घरीच करा की! पण नाही, पाहुण्याला 'चांगल्या' हाटेलात न्यायचंय. पाऊण तास खल. एकाची चतुर्थी, दुसऱ्याला सावजीचं तिखट सोसत नाही, मामेसासरे "कुठीबी चालते" म्हणतात आणि नाव घेतलं की "तिथं नोको". शेवटी 13 माणसं दोन गाड्यांत कोंबून हायवेवरचा एसी ढाबा. पनीर बटर मसाला! तो पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो हो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, एवढ्यासाठी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून आलो होतो मी. वर बिल कोण देणार यावरून गल्ल्यापाशी झोंबाझोंबी.