मचाणाची राखण

15 नोव्हेंबरला मिशिगनमधल्या कुठल्याही कचेरीत जा, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्या दिवशी हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. वार कुठलाही असो, तारीख तीच. कित्येक शाळासुद्धा सुट्टी देऊन मोकळ्या होतात. नोव्हाय, कँटन, ट्रॉय या डेट्रॉइटच्या उपनगरांतली आमची मराठी मंडळी मात्र त्या दिवशी इमानेइतबारे कामावर जातात आणि मीटिंगला आपणच तेवढे आलोय हे बघून मराठीत बोलून घेतात. मीही जात असे. पण शेजारच्या आजोबांनी मला फितवलं. बंदूक नको तर धनुष्यबाण घे, म्हणाले, त्याचा हंगाम 1 ऑक्टोबरलाच उघडतो आणि रानात गर्दीही कमी. अमेरिकेत येऊन लोक गोल्फ शिकतात. मी झाडावर चढायला शिकलो.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा तिने आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. "पोलीस धरणार नाहीत ना रे?" तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाकडे फार तर कौतुकाने बघायचं असतं. मी सांगितलं की इथे रीतसर परवाना मिळतो, आणि हरणं इतकी आहेत की या एका राज्यात वर्षाला 50 हजारांच्या वर गाड्या हरणांवर आदळतात. आईला हरणांची संख्या पटली, झाडावरच्या माझ्या मचाणाची उंची पटली नाही. "वीस फुटांवर? आणि डुलकी लागली म्हणजे?" छाती-मांड्यांना आवळून झाडाला अडकवायचे पट्टे असतात, ते मी तिला घालून दाखवले. "बाळंतिणीसारखा दिसतोस," म्हणाली आणि फोन वडिलांकडे दिला.

हे मचाण म्हणजे बुद्धपौर्णिमेला ताडोबात प्राणी मोजायला बसतात ते ऐसपैस लाकडी प्रकरण नव्हे. दोन पावलं मावतील एवढी लोखंडी जाळी, वर तोकडं आसन, आणि हा सगळा संसार एका पट्ट्याने बुंध्याला आवळलेला. चढायला पायऱ्यांचे तुकडे मिळतात, तेही पट्ट्यानेच बांधायचे. सगळं खांद्यावर टाकून, चिखल तुडवत, अंधारात आवाज न करता न्यायचं आणि बांधायचं. एकदा बांधलं की रोज उतरवून आणायचा उत्साह कुणाला असणार? म्हणून ते तिथेच सोडून यायचं. इथून माझ्या शिकारीचा विषय संपतो आणि बंदोबस्ताचा सुरू होतो.

कारण रान माझं नाही. नोव्हायहून वायव्येला तीनेक तास गाडी हाणली की मॅनिस्टीचं राष्ट्रीय वन आणि त्याच्या आजूबाजूला राज्याची जंगलं लागतात. सगळी सार्वजनिक. कुणीही यावं, हिंडावं, अळंबी वेचावी, शिकार करावी. त्या कुणीहीमध्ये चोरही आलाच.

सार्वजनिक जमिनीवरच्या मचाणाचे इथले नियम मी परीक्षेला बसल्यासारखे पाठ केलेत. 1 सप्टेंबरच्या आत बांधायचं नाही, 1 मार्चपर्यंत काढून न्यायचं. झाडाला खिळा नाही, स्क्रू नाही, सालीखालच्या जिवंत थराला टोचेल असं काहीच नाही. आणि मचाणावर मालकाचं नाव आणि पत्ता, जमिनीवरून वाचता येईल इतक्या ठळक इंग्रजीत! म्हणजे चोराने आधी मचाण न्यावं आणि मग, मालक तीन तास लांब रानात आला की घरी जाऊन टीव्हीही न्यावा. शिवाय माझं आडनाव सहा अक्षरांचं, त्याचं इंग्रजी स्पेलिंग पट्टीच्या दोन्ही बाजूंना ओसंडतं. सुदैवाने नावापत्त्याऐवजी गाडी चालवायच्या परवान्याचा नंबर चालतो. तोच कोरला.

पण नियमांतलं खरं कलम पुढे आहे. मचाणावर तुमचं नाव असलं म्हणून त्यावर बसायचा हक्क तुमच्या एकट्याचा ठरत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुलखात मी वाढलो. तिथे रुमालाला निदान भांडणापुरती तरी किंमत असते. मिशिगन रुमाल मानतच नाही. आणि शांतपणे विचार केला तर मला हे कलम रास्त वाटतं. नाहीतर 1 सप्टेंबरच्या सकाळीच उत्साही मंडळींनी सगळं जंगल बुक करून टाकलं असतं. कुणी दुसऱ्याच्या मचाणाची तक्रार घेऊन आला की मी त्याला हे फार समजुतीने सांगतो.

बसणं वेगळं, उचलून नेणं वेगळं. उचलून नेणाऱ्यासाठी मी आधी पोलादी तारेचं कुलूप आणलं. शेजारचे आजोबा ते बघून प्रेमाने हसले. ही तार चोराच्या कातरीला सुतासारखी, म्हणाले. मग साखळी आणली. साखळी जाड तेवढी तिची खणखण मोठी, आणि हरणाचे कान तर आपल्याला माहीत आहेतच. म्हणून तिच्यावर हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती कापडी चिकटपट्टी कडी-कडीने गुंडाळली. सबंध संध्याकाळ त्यात गेली. नोव्हेंबरात कुलूप गोठतं, म्हणून ग्रॅफाइटची पूड आली. पुढे कळलं की बॅटरीवर चालणारं ग्राइंडर आता चोरांकडेही असतं. त्यावर उपाय नाही, चोराला तेवढा आवाज करायची लाज वाटावी एवढीच आशा.

कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, हा आमच्या घराण्याचा संस्कार. वडील अजूनही रिक्षात बसल्यावर उतरून एकदा ओढून येतात. मी तेच वीस फुटांवर, एका हाताने फांदी धरून करतो. खाली उतरतो, चार पावलं चालतो, आणि मला शंका येते.

अनुभवी लोकांची खरी युक्ती मात्र वेगळी आहे. उतरताना पायऱ्यांचे खालचे तुकडे सोडवून बरोबर घेऊन जायचे. दहा फुटांपर्यंत नुसता गुळगुळीत बुंधा. चोर खाली उभा राहून वर बघणार आणि जाणार. मला ती इतकी आवडली की त्या खुशीत मी पायऱ्या गाडीच्या डिकीत घेऊन ऑफिसला हिंडत असे.

त्यात भर म्हणून एक कॅमेरा. हा झाडावरून फोटो काढतो आणि थेट मोबाइलवर पाठवतो. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात नाट्यगीत रंगात आलं असताना माझा खिसा थरथरायला लागला. हालचाल! पुन्हा हालचाल! गायक समेवर येईपर्यंत मी बाहेर पॅसेजमध्ये. फोटोत वाऱ्याने हलणारी एक फांदी होती. मग तीच फांदी, वेगवेगळ्या भावमुद्रांत. कधी खार येई आणि मचाणाचा पट्टा मन लावून कुरतडे. एकदा एक काळं अस्वल आलं, वर बघून विचार करून गेलं. त्याला आसनाची गादी आवडते म्हणतात. "समजा चोर दिसला," बायको म्हणाली, "तर तू इथून काय करणार? ओरडणार?" बायको इंजिनिअर आहे, तिला असले प्रश्न लगेच सुचतात. एव्हाना साखळी, कुलूप, कॅमेरा आणि त्याचं महिन्याचं भाडं मिळून बंदोबस्त मचाणापेक्षा महाग झाला होता. चोराला थोडी अक्कल असती तर त्याने मचाण ठेवून बंदोबस्तच नेला असता.

खरं नुकसान पैशाचं नाहीच. हरणाचं सगळं शहाणपण नाकात. म्हणून शिकारी लोक बिनवासाच्या साबणाने अंघोळ करतात, कपडे गॅरेजमध्ये वेगळे टांगतात, वारा बघून वाट ठरवतात. आमच्या घरात तर हिंगाची फोडणी दाराबाहेरपर्यंत येते, तेव्हा माझी तयारी दुप्पट. एवढं करून मी मचाणाजवळ जायचो कशाला, तर कुलूप ओढून बघायला! दर फेरीत तिथल्या पाल्यापाचोळ्यावर माझा वास नव्याने पसरे. त्या हद्दीतल्या हरणांना हिंग हा पदार्थ माझ्यामुळे कळला असणार, आणि तो त्यांना मानवला नाही. चोर आला नाही हे खरं, पण हरणही आलं नाही. आजोबा म्हणायचे, काहीच मागे ठेवू नकोस, पाठीवर घेऊन जा आणि पाठीवर घेऊन ये. त्यांचा गुडघा सत्तरीतही शाबूत आहे, त्यांनी सांगावं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे नर हरणं माद्यांच्या मागे वेडी होऊन उजेडातही फिरतात तो काळ. कॅमेरा रात्रभर गप्प होता. थंडीने बॅटरी मेली होती. मी पहाटेच्या काळोखात पायऱ्या खांद्यावर घेऊन झाडाखाली पोचलो, तर बुंध्याला पायऱ्या आधीच बांधलेल्या. माझ्या नव्हेत. वर बघितलं. अंधारात एक मोठा अंधार बसलेला होता.

"गुड मॉर्निंग," तो अंधार कुजबुजला.

"गुड मॉर्निंग," मीही कुजबुजलो. काय करणार, शिकारीच्या वेळी भांडणसुद्धा कुजबुजतच करावं लागतं, आणि तसं ते रंगत नाही.

"मचाण तुमचं?"

"हो."

"छान आहे. पण खालच्या पायऱ्या नव्हत्या. बरं झालं, मी माझ्या आणल्या होत्या."

यावर काय बोलावं ते मला मराठीतही सुचलं नाही.

"तुमचा पट्टा खारीने कुरतडलाय. डाव्या बाजूला. बदलून घ्या," तो म्हणाला. आवाजात खरी काळजी होती.

मी थँक्यू म्हणालो. जाता जाता, साखळीचं टोक हाताला लागतंय का हे बघायला त्याच्याच पायऱ्यांवरून थोडा वर चढलो आणि कुलूप ओढून बघितलं.

"मी बघितलंय," वरून आवाज आला. "तीनदा ओढून बघितलं. पक्कं आहे."