शिक्का की मीटर? रविवारच्या कट्ट्यावरचं भांडण

रविवारची राइड झाली की आम्ही चौघं बॉस्टनच्या बाहेर एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमधे जी कमरेएवढी दगडी भिंत आहे तिच्यावर बसतो. तोच आमचा कट्टा. काका, पक्या, मृणाल आणि मी. काका इथे तीसेक वर्षं बाइक चालवतायत, आवाजाचं किंवा इन्स्पेक्शनचं कुठलं बिल आलं की स्टेट हाउसला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, जाऊन बोलून येणारे आमच्यात ते एकटेच. परवा विषय निघाला माझ्या इन्स्पेक्शनच्या स्टिकरवरून आणि मग दोन तास संपलाच नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

झालं असं की मॅसॅच्युसेट्समधे मोटारसायकलचं इन्स्पेक्शन दरवर्षी करावं लागतं, 31 मेला सगळ्यांची स्टिकरं एकदमच संपतात, फी 15 डॉलर. मी गेलो एका ठिकाणी, तिथल्या माणसाने बाइक चालू करायला लावली, दोनदा थ्रॉटल द्यायला लावलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला आवाज जास्त आहे, कॉम्प्युटरवर घेतच नाही, सायलेन्सर बदलून ये. किती जास्त आहे विचारलं तर म्हणे मला ऐकू येतंय ना. दुसऱ्या दिवशी मी दुसरीकडे गेलो, तीच बाइक, तीच पुंगळी. त्याने हॉर्न वाजवला, लाइट बघितले, टायरला हात लावला, ब्रेक दाबला आणि स्टिकर दिलं. पाच मिनिटं पण नाही लागली. मला राग पहिल्याचा नाही आला, दोघांचा आला. कायदा एकच आणि निकाल दोन, कारण मधे मोजमाप नावाची गोष्टच नाही.

पक्या लगेच म्हणाला, "म्हणून सांगतो हे इन्स्पेक्शनच बंद करा. टेक्सासने केलं ना. 2025 पासून साध्या गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच नाही तिकडे."

"आणि साडेसात डॉलर फी तेवढी चालू ठेवली," काका म्हणाले. "इन्स्पेक्शन गेलं, पैसे राहिले, रजिस्ट्रेशनबरोबर कापून घेतात. ते पण सांग की रे."

मृणाल गप्प होती. ती हॉस्पिटलमधे नाइट करते, सकाळी आठला येऊन झोपते, तिची खिडकी रस्त्यावर. ती स्वतः बाइक चालवते त्यामुळे तिला कोणी बाहेरची समजू शकत नाही. ती म्हणाली, "पक्या, मे ते सप्टेंबर मला एकही दिवस सलग चार तास झोप मिळत नाही. ट्रकने नाही उठत मी, सिग्नल सुटल्यावर जो एक जण पूर्ण थ्रॉटल देतो ना, त्याने उठते. बॉस्टनने 2009 मधे केलं ते बरोबर केलं. पाइपवर ईपीएचा, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा, शिक्का आहे का बघा, नसेल तर 300 डॉलर दंड. विषय संपला. डेन्व्हरने तर 2007 मधेच केलं होतं."

इथून खरं भांडण सुरू झालं.

पक्याचं म्हणणं सगळ्यांना माहीत असतं ते, मोठा आवाज जीव वाचवतो. तो म्हणाला, "मी नाइन्टी थ्री हायवेवर होतो, शेजारच्या लेनमधला पिकअप माझ्या अंगावर यायला लागला, मी क्लच दाबून रेस दिली, तो दचकून परत गेला. त्या दिवशी स्टॉक सायलेन्सर असता तर मी इथे बसलो नसतो." यावर हसणारे बरेच असतात पण मी नाही हसणार, कारण मी त्या दिवशी त्याच्या मागे होतो आणि तो पिकअप मी डोळ्याने बघितलाय.

पण काकांनी हर्ट रिपोर्ट काढला. 1981 चा, हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलच्या 900 अपघातांच्या जागी स्वतः जाऊन तपास केला आणि वर 3,600 पोलीस रिपोर्ट वाचले. त्यात असं निघालं की अपघाताला कारण होणारा धोका चारपैकी तीन वेळा समोरून येतो, म्हणजे सरळ पुढे आणि डावी-उजवीकडे 45 अंशाच्या आत. समोरून येणारी आणि आपल्याला आडवी जात डावीकडे वळणारी गाडी, हाच तो आपला नेहमीचा खुनी. आणि पुंगळीचं तोंड कुठे असतं? मागे. जो आपल्याला मारणार आहे त्याला तो आवाज सगळ्यात कमी आणि सगळ्यात उशिरा जातो, आणि जो मागे खिडकीत झोपलाय त्याला पूर्ण जातो. पक्या म्हणाला शेजारच्या लेनवाल्याला तर जातो ना. काका म्हणाले जातो, म्हणून हॉर्न दिलाय, आणि मी एवढंच म्हणतोय की एका पिकअपसाठी वर्षभर सगळ्या गावाला का उठवायचं.

एवढं बोलून काका पक्याच्या विरोधात गेले असं मृणालला वाटलं असणार, कारण ती म्हणाली मग शिक्क्याचा कायदा तुम्हाला मान्य आहे. काका म्हणाले अजिबात नाही.

आता हे जरा नीट सांगतो कारण आपल्यातल्या बऱ्याच बाइकवाल्यांना पण शिक्का म्हणजे काय हे माहीत नसतं, फक्त तो नाही म्हणून तिकीट मिळालं एवढं माहीत असतं. 1972 मधे नॉइझ कंट्रोल अ‍ॅक्ट आला आणि 1980 च्या शेवटी ईपीएने मोटारसायकलचे नियम काढले. रस्त्यावरच्या बाइकला 1983 च्या मॉडेलपासून 83 डेसिबल आणि 1986 पासून 80. हे मोजायचं कसं, तर मोकळ्या मैदानात बाइक जोरात पळवत न्यायची आणि 15 मीटरवर माइक ठेवायचा. कंपनी हे आपल्या टेस्ट ट्रॅकवर करते आणि पास झालं की फ्रेमवर आणि सायलेन्सरवर शिक्का मारते. रस्त्यावरचा पोलीस हे करूच शकत नाही, त्याच्याकडे ना मैदान ना वेळ. त्यात ईपीएचं जे आवाजाचं ऑफिस होतं त्याचे पैसे 1982 मधेच बंद झाले, नियम कागदावर राहिले आणि बघणारं कोणी नाही. मग गावांनी आणि राज्यांनी सोपा रस्ता काढला, आवाज मोजता येत नाही ना, मग शिक्का बघा.

काकांनी उठून त्यांच्या बाइकवर हात ठेवला. 1979 ची आहे, अजून स्वतः ट्यून करतात. "हिला शिक्का नाही, कारण तेव्हा शिक्काच नव्हता. ही आपल्या चौघांत सगळ्यात शांत आहे. आणि आपल्या राइडला तो एक जण येतो, ज्याने कंपनीच्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी आतली बॅफल ड्रिल मारून काढून टाकलीये, त्याच्या पाइपवर शिक्का लख्ख दिसतो. आता तू पोलीस आहेस असं समज मृणाल. वाकून शिक्का बघितलास. कोणाला सोडलंस?"

मृणालकडे उत्तर नव्हतं पण तिने हार पण मानली नाही. ती म्हणाली, "बरं, शिक्का चुकीचा. मग बरोबर काय ते सांगा. दर वेळी तुमच्या संघटना जातात आणि हे नको ते नको म्हणून येतात. मी झोपू कधी ते कोणी सांगत नाही."

हे वाक्य मला लागलं. खरंच लागलं. आपण आपल्या हक्कांचं बोलताना समोर बसलेल्या माणसाची झोप हा पण हक्क आहे हे आपण सोयीने विसरतो.

काकांनी मग टँक बॅगमधून मीटर काढला. त्यांनी स्वतः विकत घेतलाय, प्रत्येक वेळी वापरायच्या आधी कॅलिब्रेट करतात. म्हणाले 2009 मधे मोटारसायकल इंडस्ट्री काउन्सिल ही कंपन्यांची संघटना आणि एसएई ही इंजिनिअर लोकांची संस्था यांनी मिळून एक उभ्या बाइकची टेस्ट आणली, जे2825 नाव. मैदान नको, पळवायला नको. पाइपच्या तोंडापासून 20 इंच, म्हणजे अर्धा मीटर, 45 अंशात, तोंडाच्याच उंचीला मीटर धरायचा. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता नुसती चालू असताना, 92 डेसिबलच्या आत. ठरलेल्या आरपीएमवर एक-दोन सिलिंडरवाल्या बाइकला 96 आणि तीन-चार सिलिंडरला 100. आणि ज्या क्रूझरला आरपीएम दाखवणारा टॅकोमीटरच नसतो तिच्यासाठी आयडलवर काम भागतं. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन, जी 1924 पासून आहे, ती याच टेस्टवर कायदा करा म्हणून नमुना घेऊन राज्याराज्यांत फिरते. शेजारच्या न्यू हॅम्पशायरने हेच आकडे कायद्यात घेतलेत, आधी तिथे सरसकट 106 होतं.

पक्या म्हणाला 92 आणि 80 बघ, म्हणजे सूट दिली की! तर तसं नाहीये. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरून एक, दोन, चार, आठ, सोळा, पाच वेळा दुप्पट, म्हणजे तीसेक डेसिबल गेले. अर्ध्या मीटरवरचे 96 तिकडे पंधरा-सोळा मीटरवर 66 च्या आसपास. अर्थात एक उभी बाइक आणि एक पळणारी, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही. आणि 10 डेसिबल वाढले की कानाला दुप्पट वाटतं, त्यामुळे 96 आणि 106 मधला फरक म्हणजे मृणालची झोप.

मग आम्ही खरंच मोजलं. बाइका भिंतीपासून लांब ढकलत नेल्या, कारण दगडी भिंतीवरून आवाज परत येतो आणि आकडा फुगतो. वारा पडायची वाट बघितली. काका गुडघ्यावर बसले, दोरी लावून 20 इंच मोजले, मीटर धरला. त्यांची 1979 वाली आयडलला 84. माझी, जिला एकाने ऐकून हाकलली होती, आयडलला 87 आणि दोन हजार आरपीएमला 94. पास. आणि माझ्या पाइपवर शिक्का नाही, म्हणजे बॉस्टनमधे मला 300 डॉलर. पक्याची आयडललाच 101 आणि दोन हजारला 107. काकांनी मीटर त्याच्याकडे फिरवून दाखवला, बोलले काही नाहीत.

पक्या थोडा वेळ गप्प होता मग म्हणाला, "ठीक आहे, पण हे इन्स्पेक्शनमधे आणलं की काय होतं माहितीये ना. कॅलिफोर्निया."

हा मुद्दा त्याचा बरोबर होता. एसबी 435 नावाचं जे बिल होतं ते मुळात बाइकना पण स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या तपासणीला, न्यायचं बिल होतं. बाइकवाल्यांनी जोरात विरोध केला, स्मॉग चेक गेलं आणि त्याच बिलातून बाहेर आला शिक्क्याचा कायदा, 2013 पासून बनलेल्या बाइकला लागू, पहिल्यांदा 50 ते 100 डॉलर दंड. एक लढाई जिंकली आणि दुसरी त्याच कागदावर हरली. न्यूयॉर्कने 2021 मधे अजून पुढचं केलं, दंड 1,000 डॉलरपर्यंत नेला आणि इन्स्पेक्शन करणाऱ्यालाच सांगितलं की सायलेन्सर बदललाय का ते बघ. आवाज किती आहे ते नाही, बदललाय का ते. परत शिक्क्याचाच भाऊ.

काका म्हणाले बाइकवाल्यांना सरकारी तपासणीचं वाकडं आहे ते उगीच नाही. 1966 मधे केंद्राने हायवेचे पैसे अडवायची धमकी देऊन राज्यांना हेल्मेटचे कायदे करायला लावले, 1975 पर्यंत तीन सोडून सगळ्या राज्यांत कायदा झाला होता, मग बाइकवाले वॉशिंग्टनला जाऊन भांडले आणि 1976 मधे ती धमकी काढून घेतली. त्या भांडणातून या संघटना मोठ्या झाल्या. नंतर फक्त मोटारसायकली अडवणारे चेकपॉइंट आले, गाड्या शेजारून सोडायच्या आणि बाइक तेवढी बाजूला घ्यायची, त्याला केंद्राचे पैसे वापरायला 2015 च्या फास्ट अ‍ॅक्टने बंदी घातली. "हे सगळं आपण भांडून मिळवलंय," काका म्हणाले, "पण त्यात नाही म्हणायची सवय लागली. हवं काय ते सांगायची सवय राहूनच गेली."

माझं मत मी तिथे सांगितलं ते इथे पण लिहितो. वर्षातून एकदा आपण स्वतःच्या पायाने इन्स्पेक्शनला जातोच. तिथे हॉर्न, लाइट, टायर बघतात तसं एक मीटर ठेवा, 20 इंचावर धरा, आकडा कागदावर छापून द्या. तो कागद खिशात असला तर रस्त्यावर कोणी कानाने ठरवून तिकीट देणार नाही, शिक्का नाही म्हणून देणार नाही. आणि ही मागणी आपण करायची, मृणालच्या गल्लीतल्या लोकांनी करायच्या आधी, कारण त्यांनी केली की ती शिक्क्याचीच होणार, त्यांना सोपं तेच दिसतं.

पक्या म्हणाला सगळे पास होऊन आले की संध्याकाळी घरी पाइप बदलणार. मी म्हटलं बदलतील, ब्रेक पॅड पण बदलत असतील कोणी, म्हणून ब्रेक बघायचं थांबवत नाही आपण. मृणाल म्हणाली तिला रस्त्यावर पण मीटर हवा, नुसता मे महिन्यात नाही. त्यावर एकमत नाही झालं. काका म्हणाले रस्त्यावर चालेल पण माणूस ट्रेन केलेला हवा आणि गाड्यांना पण तोच नियम हवा, आवाज करणाऱ्या कार काय कमी आहेत. तिला ते पटलं.

निघताना काकांनी सांगितलं की पुढच्या हिअरिंगला ते मृणालला घेऊन जाणार, बाइकवाली म्हणून आणि झोप न झालेली म्हणून पण. ती म्हणाली नाइट नसेल तर येते. पक्या काही बोलला नाही, पण हेल्मेट घालायच्या आधी त्याने काकांकडे मीटर आठवडाभरासाठी मागितला आणि दोरी पण. काकांनी दिला. मग तो पार्किंगच्या बाहेर पडेपर्यंत पहिल्या गिअरमधे, थ्रॉटल न देता गेला, आणि तरी आम्हाला तो हायवेला लागेपर्यंत ऐकू येत होता.