"मज्जा आहे बाई तुझी!"

नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला की लोकांचं हे वाक्य ठरलेलं. "आठ-आठ दिवस डोक्याला ताप नाही, मज्जा आहे बाई तुझी!" अगं, कसली मज्जा?

बोट हर्णै बंदरातून सुटली की माझी झोप तिच्याबरोबर जाते. बर्फ, डिझेल, खलाशांचा किराणा-बाजार, सगळ्याची उधारी माझ्या वहीत. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाईलला रेंज नाही. बंदरात वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की सासूबाई देवापाशी, आणि मी? दर दहा मिनिटांनी तोच नंबर लावत. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती..." त्या बाईचा आवाज मला आता स्वप्नातही ऐकू येतो.

बोट लागते तीही रात्री दोनला नाहीतर भर दुपारी. लिलाव, हिशेब, मग त्यांचे खारट, माशाच्या वासाचे कपडे. तीन पाण्यातून काढले तरी वास जात नाही, सांगून ठेवते. कंबरदुखीसाठी दापोलीला डॉक्टरकडे जायचं चार महिने चाललंय. नंबर लावला की नेमकी त्याच दिवशी बोट येते.

बरं, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा तरी विसावा? छे! माणूस घरात, पैसा बंद, आणि जाळी विणता विणता दर अर्ध्या तासाने चहा.

आणि हेच लोक वर विचारतात, "पापलेट आलंय का गं? घरचंच आहे, पैसे काय घेतेस!"