खिडक्या, खाडा आणि कबुतरं

शुक्रवारी पाऊस उघडल्यावर अमृततुल्यच्या पायरीवर पोचलो, तर दिन्या आधीच तावातावात होता. आमच्या ऑफिसांच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याचं सगळ्यांना ठाऊकच होतं. आधी क्लासची पोरं, मग सीएचं ऑफिस, मग समोरचं डेंटल. आठवड्यात निम्मी माणसं तापानं झोपली. दिन्या कमिटीचा सेक्रेटरी. त्यानं ताप मोजायची गन आणली, पायानं दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड आणला आणि लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली : 'ताप असणाऱ्यांस प्रवेश नाही. हुकमावरून.'

"हुकूम कुणाचा?" नंदाताईंनी विचारलं.

"कमिटीचा."

"कमिटीत तुझ्याशिवाय येतं कोण?"

नंदाताई महापालिकेच्या नोकरीत तीस वर्षं सिस्टर होत्या. २००९ च्या ऑगस्टात, स्वाइन फ्लूच्या साथीत, पुण्याच्या नायडू हॉस्पिटलबाहेर जी रांग लागली होती, ती त्यांनी आतल्या बाजूनं पाहिलीय. तेव्हा हाच दिन्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून फिरत होता, आणि माझा एन-९५ 'एका दिवसासाठी' घेऊन गेला तो आजतागायत परत आलेला नाही.

"दिन्या, फ्लूचा माणूस ताप चढायच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्याला देत असतो," ताई म्हणाल्या. "तुझ्या गनला तो सापडेपर्यंत लिफ्टच्या चार खेपा झालेल्या असतात."

"मग काय, बिल्डिंगला कुलूप लावू?"

"खिडक्या उघड. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच गार करून फिरवत बसतो. एकजण खोकला की दहाजणांच्या नाकात. आणि तू खिडक्यांच्या फटी सिलिकॉननं बुजवून ठेवल्यास!"

"बिल कमी आलं ना पण! आणि मी लस घेतलीय, मला काही होत नाही."

"कुठली?"

"करोनाची. दोन्ही डोस."

पायरीवर हशा पिकला. ताई मात्र हसल्या नाहीत. फ्लूची लस वेगळी, विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यायची, आणि अंगी लागायला दोन आठवडे जातात म्हणून आपल्याकडे पावसाळ्याच्या आधीच घेतलेली बरी, हे त्यांनी त्याला पोराला पाढे शिकवावेत तसं सांगितलं. मलाही मे महिन्यात सांगितलं होतं. मी घेतली.

"आमच्या पोर्ट ट्रस्टात..." बापूंनी सुरुवात केली. बापूंची सगळी वाक्यं गोदीतूनच निघतात. पण आज त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. जून १९१८ मध्ये, फ्लूच्या मोठ्या साथीत, मुंबईत आधी सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात गेले, त्यातला एक गोदीवरचा. मग पोर्ट ट्रस्ट, तारऑफिस, टांकसाळ, गिरणी. जिथे माणसं एका छपराखाली कामाला, तिथे साथ शिरली.

"म्हणजे तेव्हाही पहिला फटका पहारेकऱ्यालाच," ताई म्हणाल्या. "दिन्या, तुझी गन कुणाच्या हातात आहे ते बघितलंस?"

मी बघितलं होतं. सकाळी वॉचमनकाकांनी गन माझ्या कपाळासमोर धरली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. निळा मास्क हनुवटीवर, डोळे तांबारलेले. म्हटलं, काका, घरी जा. "खाडा पडतो," एवढंच म्हणाले आणि मागच्या माणसाकडे वळले.

हे सांगितलं तेव्हा पायरीवर कुणी काही बोललं नाही.

"तो एजन्सीचा माणूस आहे," दिन्या पुटपुटला. "आपला काय संबंध?"

"माणूस एजन्सीचा. खोकला बिल्डिंगचा."

"ईएसआयचा कामगार विमा असतो की त्यांना!"

"असतो. पगाराचे सत्तर टक्के मिळतात, पण आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. आणि फ्लू जास्तीत जास्त पसरतो तो त्याच दिवसांत. त्या स्टँडच्या पैशात काकांचे चार खाडे भरून निघाले असते."

दिन्यानं कटिंगमध्ये डोकं घातलं. मला त्याची दया आली नाही. काका, झाडूवाल्या मावशी, चहा पोचवणारा पोरगा : बिल्डिंगच्या प्रत्येक दारात जाणारी माणसं हीच, आणि सुट्टी न परवडणारीही हीच. मी सांगून टाकलं, काकांचे तीन दिवस मी आणि ताई भरतोय, कमिटीनं द्यायचे तेव्हा द्यावेत. आणि सोमवारी कटर आणून माझ्या ऑफिसचं सिलिकॉन मी काढणार.

"काढ! कबुतरं आली की माझ्याकडे यायचं नाही!" दिन्याला एकदम जोर चढला. "खिडक्या मी हौसेनं नाही बुजवल्या. चौथ्या मजल्याच्या जिन्यात रोज सकाळी मूठमूठ ज्वारी पडलेली असते. कोण टाकतं, सांगा!"

चौथ्या मजल्यावर बापूंच्या मुलाचं ऑफिस. बापू रोज सकाळी तिथे पेपर वाचायला बसतात.

सगळ्यांच्या माना हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. बापूंनी बशी खाली ठेवली.

"आमच्या पोर्ट ट्रस्टात," ते म्हणाले, "कबुतरांना कुणी नाही म्हणत नसे."

अमृततुल्यवालासुद्धा गाळणं हातात धरून हसत होता. दिन्या तर इतका हसला की चहा शर्टावर सांडला, आणि नंदाताई त्याच्या पाठीत धपाटा घालत म्हणाल्या, "आधी त्या पोराचा एन-९५ परत दे, मेल्या!"