शुक्रवारचा फोर्स पुश

आमच्या घराण्यात जमिनीवरून तीन पिढ्या भांडण चालले. ते मिटले नाही, पण त्याची नोंद मात्र उत्तम राहिली. गावात कोणी किती गुंठे विकले आणि कोणाचे नाव वारसाने लागले, हे फेरफार नोंदवहीत आजही पाहता येते. सातबाऱ्यावर जुने नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि खाली नवे लिहितात. ही रीत लहानपणापासून कानावर असल्यामुळे नोकरी लागल्यावर गिट, म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली, शिकणे मला जड जाणार नाही, असा माझा समज होता. फरक एवढाच, की सातबाऱ्याचे मूळ दप्तर तलाठ्याकडे असते, तर गिटमध्ये प्रत्येक भावाच्या घरी पहिल्या नोंदीपासूनचे संपूर्ण दप्तर असते आणि प्रत्येक जण दार लावून त्यात आपापल्या नोंदी करत बसलेला असतो. ज्याने भाऊबंदकी जवळून पाहिली आहे, त्याने इथेच सावध व्हायला हवे होते.

गिटचा जन्मही भांडणातलाच आहे. लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नेलवर, म्हणजे गाभ्यावर, काम करणारी मंडळी बिटकीपर नावाची अशीच, पण खासगी मालकीची प्रणाली फुकट वापरत होती. २००५ मध्ये वाद होऊन ती फुकट सवलत बंद झाली, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ३ एप्रिलला नवी प्रणाली लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. म्हणजे चार दिवस. मला ती वापरायला लागून नऊ वर्षे झाली आहेत. तिच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच ओळीत ती स्वतःची ओळख ‘मूर्ख’ अशी करून देते. परंतु आम्हा दोघांत हे विशेषण कोणाला लागू पडते, याविषयी माझ्या मनात त्या शुक्रवारपासून शंका उरलेली नाही.

पेमेंटच्या कामाची एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी काढलेली शाखा, होती आणि तिच्यावर मी पुण्यातून व माझी एक सहकारी नागपूरहून, असे दोघे काम करत होतो. अकरा दिवसांत ती मेन ब्रँचपासून बरीच लांब गेली होती. शनिवारी सकाळी रिलीज होते. सरळ मर्ज करून, म्हणजे दोन्ही शाखा जोडून, मोकळे होणे शक्य होते, पण मर्ज केल्याने इतिहासाला फाटे फुटतात आणि रिबेस केल्याने तो एका रेषेत सुबक दिसतो, असे मी आदल्याच आठवड्यात कुठेतरी वाचले होते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी फेच केले, म्हणजे सर्व्हरवरच्या ताज्या नोंदी स्वतःकडे आणल्या, आणि रिबेस सुरू केला.

रिबेस करणे म्हणजे घरजावई होणे. आपले कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, एकेक करून उचलायचे आणि दुसऱ्याच्या अंगणात नव्याने मांडायचे. प्रत्येक कमिटला मग नवा चाळीस अक्षरी क्रमांक मिळतो. माणूस तोच, पण कागदोपत्री दुसरा. दोघांनी एकाच ओळीत बदल केला असेल तर गिट हात टेकते आणि फाइलीत सात डाव्या कोनांची एक रांग, मधे सात बरोबरच्या चिन्हांची आणि शेवटी सात उजव्या कोनांची रांग घालून दोन्ही पक्षांचे म्हणणे समोर ठेवते. निवाडा आपण करायचा असतो. पहिल्या कॉन्फ्लिक्टचा निवाडा मी मन लावून केला. पुढच्या कमिटला तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला, त्याच्या पुढच्यालाही आला, आणि पाचव्यांदा तीच फिर्याद समोर आल्यावर मी संयम सोडून ‘आमचे’ हा पर्याय निवडत सुटलो. (एकदा दिलेला निवाडा लक्षात ठेवून तोच पुन्हा लागू करणारी ‘रिरिरी’ नावाची सोय गिटमध्ये आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते.) दुपारी साडेचारला कळले, की मर्ज करताना ‘आमचे’ म्हणजे खरोखर आपले असते, रिबेस करताना मात्र ‘आमचे’ म्हणजे ज्यांच्या अंगणात आपण उभे आहोत त्यांचे. घरजावयाला हे सांगावे लागू नये. माझे दोन दिवसांचे काम मी स्वतःच्या हाताने, पाच वेळा होकार देऊन, सासऱ्यांच्या बाजूने निकालात काढले होते. ते पुन्हा लिहिले.

सव्वापाचला पुश केला, म्हणजे माझ्या नोंदी सर्व्हरवर पाठवायला घेतल्या, तर गिटने नकार दिला. सर्व्हरवरचा इतिहास आणि माझा इतिहास जुळत नाही, आधी पुल करा, म्हणजे सर्व्हरवरचे आणून आपल्यात मिसळा, असा त्याचा सल्ला होता. रिबेसनंतर तो कधीच जुळत नसतो, हे मला ठाऊक होते. म्हणून हा सल्ला नवख्यांसाठी आहे असे मानून मी फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरच्या इतिहासाच्या जागी माझा बसवणारा पुश, केला. तो झाला. फोर्स पुश नेहमीच होतो, हाच त्याचा दोष आहे.

दुपारी तीन वाजता सहकारीने आपले तीन कमिट त्याच ब्रँचवर पुश केले होते. सर्व्हरवर आता ते नव्हते.

मी तिला फोन केला. मागे सनई वाजत होती. ती मावसबहिणीच्या साखरपुड्याला पोहोचली होती आणि लॅपटॉप घरी होता.

“काही नाही, सहज फोन केला,” मी म्हणालो.

“काय उडवलंस?” तिने विचारले.

मी सांगितले. क्षणभर फक्त सनई ऐकू आली. “तीननंतर कोणी फेच केलंय का बघ,” ती म्हणाली, “आणि त्याला म्हणावं, आता कशालाही हात लावू नको.”

गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या मुलाने चारला फेच केले होते. तो तेव्हा नेमका टर्मिनल उघडून बसला होता आणि मी जागेवरून इतक्या जोरात “थांब!” असे ओरडलो, की त्याने दोन्ही हात वर केले. त्याच्या दप्तरात सर्व्हरची दुपारची नक्कल जशीच्या तशी होती. त्याने पुन्हा फेच केले असते तरी सर्वनाश झाला नसता, कारण ब्रँचचे टोक कुठून कुठे हलले याची टिपणे गिट रिफ्लॉगमध्ये ठेवते, आणि कोणत्याही ब्रँचवर न उरलेल्या कमिटच्या नोंदीही तिथे साधारण ३० दिवस तग धरतात. पण हे सगळे मला नंतर शांतपणे आठवले. आम्ही त्या जुन्या टोकावर नवी ब्रँच काढली आणि सहकारीचे तीन कमिट चेरी-पिक करून, म्हणजे एकेक वेचून, माझ्या रेषेवर बसवायला घेतले. साध्या फोर्सऐवजी ‘फोर्स विथ लीज’ वापरले असते, तर मी शेवटचे पाहिल्यानंतर सर्व्हरवर काही बदलले आहे हे ओळखून पुश अडला असता. अर्थात एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, तर तो पहारेकरीही झोपतो.

दोन कमिट बसले. तिसऱ्यात एका फाइलीच्या १८०० पैकी १८०० ओळी बदललेल्या दिसत होत्या आणि डावीकडच्या व उजवीकडच्या मजकुरात तसूभर फरक नव्हता. तिचा संगणक विंडोजचा असल्यामुळे तिच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी, डोळ्यांना न दिसणारे, एक जास्तीचे चिन्ह ठेवले होते. ओळींच्या शेवटचे फरक सोडून जोडायला सांगितल्यावर खरा बदल निघाला चार ओळींचा. हा प्रकार कायमचा मिटावा म्हणून मी गिटअॅट्रिब्यूट्सची फाइल घातली, साऱ्या प्रकल्पातल्या ओळींचे शेवट एकसारखे केले आणि रात्री साडेनऊला, तिघांसमोर वाचून दाखवून, पुश केला. ब्रँचवर फोर्स पुशला मनाई करण्याचे बटण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये होते. तेही दाबले. नव्या मुलाने माझ्यासाठी वडापाव आणून ठेवला होता, तो गार झाला होता.

रिलीज सुखरूप झाले. मात्र ओळींचे शेवट एकसारखे केल्यामुळे त्या सर्व ओळींना शेवटचा हात माझा लागला होता, आणि गिटच्या ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ कोणाची हे दाखवणाऱ्या उताऱ्यात, शेकडो फाइलींवर माझे नाव चढले होते. असे कमिट ब्लेममधून वगळण्यासाठी त्यांचे क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवता येतात, ही सोय २०१९ पासून आहे. मला ती मंगळवारी कळली. सोमवारी सकाळी टीम लीड माझ्या टेबलाशी आली. करमोजणीत एका पैशाची चूक निघाली होती आणि ती ओळ २०१६ साली एका गृहस्थांनी लिहिली होती, जे आता कॅनडात असतात.

“ही ओळ माझी नाही,” मी म्हणालो.

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “इथं तर तुझंच नाव लागलंय.”

“वारसाने लागलंय,” मी म्हणालो.