ठाणे ते तुर्भे, एक गाणं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. ज्या गाण्यांबद्दल आहे, म्हणजे मधेच मूळ चाल सोडून ऐनवेळी सुचेल तसं वाजवत जाणाऱ्या बँडांची, ती पण लांबच आहेत, त्यामुळे तक्रार चालणार नाही.

मागच्या शनिवारी घोडबंदर रोडच्या एका पबमध्ये (नाव नको, जेवण बरं असतं) चार पोरांचा बँड वाजवत होता. विशी-बाविशीतली पोरं. पहिली तीन गाणी सगळ्यांच्या ओळखीची, चौथं त्यांचं स्वतःचं. त्या चौथ्याच्या मधेच गिटारवाल्याने ड्रमरकडे बघून नुसती मान हलवली आणि ते गाणं सोडून कुठेतरी निघालेच. बासवाला एकाच जागी घुटमळतोय, ड्रमरने ठेका निम्म्यावर आणला, गिटारवाला एकच सूर चार-पाच बाजूंनी लावून बघतोय, म्हणजे आत कुठून शिरता येईल ते चाचपडतोय. मी हातातला घास तसाच ठेवला. आणि मिनिटभरात मागच्या टेबलावरून आवाज आला, "भावा, गाणं विसरलास काय?" हशा. मग फर्माईशीची चिठ्ठी गेली. पोरांनी गुमान आवरतं घेतलं, फर्माईश वाजवली, आणि टाळ्या कडकडून. शेजारचे काका बायकोला म्हणाले, "बघ, अगदी रेकॉर्डसारखं वाजवतात."

तेव्हापासून डोकं सटकलंय माझं. रेकॉर्डसारखं हवं असेल तर घरी रेकॉर्ड लावा ना, चार माणसं घाम गाळत समोर उभी कशाला करायची?

आता थोडं मागे जाते. माझे बाबा बत्तीस वर्षं ठाणे-व्हीटी करत होते, सकाळच्या स्लो गाडीला, आणि त्यांच्या डब्यात भजनी मंडळ होतं. बाबा टाळकरी. एकाच्या पिशवीत छोटा मृदंग, बाकी डब्याचा पत्रा होताच. लहानपणी सुट्टीत दोनदा-तीनदा त्यांच्याबरोबर गेलेय, खिडकीत बसवायचे मला. जय जय राम कृष्ण हरी, मग रूपाचा अभंग, मग ज्याचा नंबर असेल त्याचं पद, सगळं ठरलेलं. पण लांबी ठरलेली नाही! कुर्ला-सायनच्या मधे गाडी अडकली की गजर लांबायचा. एकाने ओळ घेतली की दुसरा तीच ओळ वरून घ्यायचा, तिसरा नुसता एक शब्द धरून बसायचा, मृदंगवाला दुगुण करायचा, आणि सिग्नल मिळून गाडी हलली की कोणीही कोणाला काही न सांगता सगळे परत मूळ चालीवर. मस्जिद आलं की आरती, मग गाणं कुठेही असो.

हे सगळं इतक्या उशिरा कशावरून आठवलं तर ऑलमन ब्रदर्सवरून. अमेरिकेतल्या दक्षिणेकडचा बँड, दोन गिटार, दोन ड्रमर. त्यांचं 'व्हिपिंग पोस्ट' नावाचं गाणं १९६९ च्या पहिल्या रेकॉर्डवर पाच मिनिटांचं आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात हेच गाणं त्यांनी वाजवलं ते जवळजवळ तेवीस मिनिटं, डबल एलपीची एक अख्खी बाजू. मी ठाण्याला ट्रान्सहार्बर पकडते वाशीसाठी, गाडी सुटताना हे लावलं की दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सगळं जातं आणि तुर्भ्याच्या आसपास गाणं संपतं. मधे एक जागा येते जिथे सगळं जवळपास थांबतं, गिटार नुसतं कुजबुजते, पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं फोनची बॅटरी गेली. तिथून ते लोक परत वर चढतात तेव्हा मी एकदा वाशीला उतरायच्या ऐवजी... असो. हे वाजवणारा ड्युएन ऑलमन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचा होता.

हे बाबांना ऐकवलं. (वय ७८, कान शाबूत.) सुरुवातीला बास एकटा वाजतो तिथेच त्यांनी हात वर केला, थांब म्हणाले, परत लाव. बोटांवर मोजलं. तीन, तीन, तीन, दोन. "अकरा मात्रा आहेत गं!" आहेतच. गाणं लिहिणाऱ्या ग्रेग ऑलमनला म्हणे स्वतःलाच माहीत नव्हतं, भावाने सांगितलं तेव्हा कळलं. पुढे दहाव्या मिनिटाला बाबा जरा चुळबुळले, हे मूळ चालीवर कधी येणार विचारलं. मी म्हटलं बाबा, गाडी सायनला अडकलीय. त्यानंतर शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की जॅम बँड, म्हणजे असं गाणं सोडून भटकत जाणारे बँड, हा प्रकार आपल्याला परका वाटायचं काहीच कारण नाही, आणि मी इथे राग-बिग आणणार नाही. "जॅझ म्हणजे त्यांचं शास्त्रीय संगीत" हे वाक्य ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. ख्यालाच्या मैफलीत गवई मालक असतो, बाकीचे साथीला. जॅममध्ये मालकच नसतो. पाच जण एकमेकांचं ऐकत चाललेत आणि पुढचं वळण पाचातला कोणीही घेऊ शकतो, ड्रमरसुद्धा. हे बैठकीपेक्षा बाबांच्या डब्याच्या जास्त जवळ आहे.

जॅझमध्ये चौकट पक्की असते, म्हणून नवीन माणसाला मी उलट आधी जॅझच द्यायला सांगेन. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, त्याला हेड म्हणतात. मग त्याच कॉर्ड्सचं आवर्तन फिरत राहतं आणि एकेक जण त्यावर आपलं बोलतो, शेवटी परत हेड. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' हे रेकॉर्ड घ्या, १९५९, फक्त दोन दिवसांत रेकॉर्ड झालेलं. त्यातल्या पहिल्याच तुकड्यात बत्तीस बारचं आवर्तन आहे (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड). सोळा बार एका स्केलवर, मग आठ बार तेच सगळं अर्धा सूर वर, मग आठ परत खाली. बस. एवढंच. ते आठ बार आले की खोलीतला दिवा कोणीतरी बदलल्यासारखं वाटतं, आणि एकदा ते ऐकू यायला लागलं की मग ट्रम्पेट काय करतोय, कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन काय करतोय हे आपोआप कळत जातं. मला ते ऐकू यायला दोन वर्षं लागली, कोणी सांगितलंच नव्हतं. जॅझ ऐकणारे लोक चष्मा पुसत "फील इट" म्हणतात. अरे काय फील, मोजायला शिकवा ना आधी!

आणि हे दोन कप्पे वेगळे आहेत असंही नाही. एप्रिल १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट हॉलला ग्रेटफुल डेड या जॅम करणाऱ्या रॉक बँडचे चार दिवस कार्यक्रम होते आणि त्यांच्या आधी वाजवायला कोण, तर माइल्स डेव्हिस. ते ऐकून झाल्यावर स्टेजवर चढायचं म्हणजे काय हाल असतील डेडच्या पोरांचे. १९९० मध्ये जॅझवाला ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन डेडबरोबर उभा राहिला आणि अशी जादू झाली की तो वर्षानुवर्षं त्यांच्यातच वाजवत असावा असं वाटतं. आपलं कनेक्शन पण आहे. डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला आणि झाकिरभाई (झाकिर हुसेन) आणि तो १९७६ च्या दिगा ऱ्हिदम बँडमध्ये एकत्र होते. झाकिरभाई गेले डिसेंबर २०२४ मध्ये, तेव्हा माझ्या टाइमलाइनवर चहाची जाहिरात सगळ्यांनी टाकली, हे कोणी टाकलं नाही.

ग्रेटफुल डेडबद्दल अजून एक सांगायचंय. आपल्याकडे जुन्या रसिकांच्या घरी कॅसेट असायच्या बघा, कुठल्यातरी खाजगी बैठकीच्या, वर बॉलपेनने राग आणि तारीख, आणि त्या विकायच्या नाहीत, कॉपी करून द्यायच्या, कॉपी घेणाऱ्याने कोरी कॅसेट आणायची. अगदी हेच डेडच्या लोकांचं. प्रेक्षक माइक घेऊन यायचे आणि बँडने त्यांना हाकललं नाही, उलट १९८४ मध्ये त्यांच्यासाठी हॉलमध्ये वेगळी जागाच काढून दिली. नियम एकच, वाटा पण पैसे घेऊ नका. तीस वर्षांत दोन हजारांवर कार्यक्रम आणि त्यातल्या बहुतेकांची टेप कुठे ना कुठे आहेच, त्यामुळे एकच गाणं कसं कसं बदलत गेलं ते तुम्ही वर्षावर्षाने ऐकू शकता. सगळ्यात गाजलेली टेप ८ मे १९७७ ची, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली. ती बँडच्याच बेटी कॅंटर-जॅक्सन नावाच्या साउंड इंजिनिअर बाईंनी केलेली. पुढे त्यांच्या टेपा गोदामाचं भाडं थकलं म्हणून लिलावात गेल्या, कोणाकोणाच्या हातात पडल्या, आणि कॉर्नेलचं अधिकृत रेकॉर्ड निघायला २०१७ साल उजाडलं. तोवर चाळीस वर्षं लोक कॉपीची कॉपी ऐकत होते. बँडच्या सगळ्या माणसांची नावं पाठ असणारे भक्त मला भेटलेत, या बाईंचं नाव विचारलं की गप्प.

खोटं कशाला बोलू, डेडच्या कितीतरी रात्री कंटाळवाण्या आहेत. गिटार बेसूर, गाण्याचे शब्द विसरलेत, पंधरा मिनिटं नुसतं दळण. फिश नावाचा दुसरा जॅम बँड तर मला अजून निम्मा झेपत नाही, विनोद फार करतात. पण २०१७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला तेरा रात्री वाजवलं आणि तेरा रात्रींत एकही गाणं परत घेतलं नाही, याला तुम्ही काय म्हणाल? जोखीम आहे म्हणून तर जायचं. रोज जमतंच असं असतं तर बाबांच्या डब्यातही रोज रंग भरला असता. संध्याकाळी घरी आल्यावर बाबा कधीकधी म्हणायचे, आज नाही बसलं.

आता इंडी. हा शब्द पार चोथा झालाय, हळू आवाजात गिटार वाजवून रडलं की इंडी. मुळात अर्थ एवढाच, मोठ्या कंपनीशिवाय आपल्या जिवावर काढलेलं रेकॉर्ड. माझा लाडका बँड यो ला टेंगो, हा होबोकेनचा. होबोकेन म्हणजे काय, तर न्यूयॉर्कचं ठाणे हो! मधे नदी, पलीकडे मोठं शहर, लोक रोज ट्रेनने जातात-येतात. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली, नवरा-बायको, तो गिटार ती ड्रम्स, १९८४ पासून. बासवाला जेम्स मॅकन्यू नंतर आला. हे लोक एका बिनजाहिरातीच्या रेडिओ स्टेशनला पैसे जमवायला जायचे आणि देणगी देणारा फोनवर सांगेल ते गाणं तिथल्या तिथे वाजवायचे, बसवलेलं असो नसो. गाण्यांची पार वाट लागायची, मग त्याचंच त्यांनी रेकॉर्ड काढलं. फर्माईश घ्यायचीच तर अशी घ्या! आणि त्यांच्या गावात मॅक्सवेल्स नावाची जागा होती, रेस्टॉरंटच्या मागची खोली, दीड-दोनशे माणसं मावतील एवढी. तिथे ते हनुक्का या ज्यूंच्या सणाच्या आठ रात्री वाजवायचे. अशा खोलीतच हे संगीत वाढतं.

आणि आपलं दुखणं तिथेच आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला २०१९ मध्ये यू२ आले, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले तीन दिवस. दोन्हीकडे मी होते, छान झालं, मनगटावर लाइटवाला पट्टा लावून नाचलेय. ठाण्याला गडकरी आणि घाणेकर ही नाट्यगृहं आहेत, तलावपाळी आहे, दिवाळी पहाट आहे. पण मागच्या शनिवारच्या त्या चार पोरांनी जायचं कुठे? शंभर माणसं, बरा साउंड, आणि समोर जेवणारं कोणी नाही, अशी एक खोली मला ठाण्यात सापडलेली नाही. धोबीतलावचं रंगभवन होतं तेव्हा कॉलेजातून लोकलने जाऊन आम्ही कट्ट्यावर बसून रॉक ऐकलंय, १९७८ ची पहिली जॅझ यात्रा पण तिथेच झाली होती. तेही आजूबाजूच्या हॉस्पिटल-कॉलेजमुळे शांतता क्षेत्र म्हणून बंद पडलं. बंद करण्यात चूक होती असं मी म्हणत नाही, पेशंटला झोप हवीच. दुसरी जागा कोणी दिली नाही एवढंच.

तर त्या रात्री मी बँडच्या पोरांना गाठलं. ड्रमर कळव्याचा निघाला, बासवाला ऐरोलीचा. म्हटलं ते अर्धं सोडलेलं गाणं मला पूर्ण ऐकायचंय, किती वेळ चालतं? गिटारवाला लाजून म्हणाला, मावशी, माहीत नाही, पूर्ण कधी वाजवूच दिलेलं नाही कोणी.

मावशी म्हणाला ते माफ केलं आणि सोमवारी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन क्लबहाउस मागितलं. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार, साडेसहा ते साडेनऊ, दहाच्या आत सगळं बंद, खुर्च्या ऐंशी, तिकीट नाही, जेवण नाही, फर्माईशीच्या चिठ्ठ्या तर अजिबात नाही. बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत, टाळ आणू का विचारत होते, आणा म्हटलंय. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडून विचारलं, कार्यक्रमाचं स्वरूप काय लिहू, वाढदिवस की सत्यनारायण?

मी म्हटलं, भजन लिहा.